झांग आयलिंग : शांघायची खासगी बखर

‘नाकाबंदी’ नावाची एक चिनी कथा आहे. नोव्हेंबर १९४३मध्ये ती शांघायच्या एका मासिकात छापून आली. शहरात घंटा वाजते, रस्ते अडवले जातात आणि एक ट्राम वाटेतच थांबते. आत अडकलेली माणसं वेळ घालवायला हाताला लागेल ते वाचू लागतात. बँकेतला एक हिशेबनीस बायकोच्या सांगण्यावरून पालकाची वाफवलेली पुरणं घेऊन घरी निघालाय. वर्तमानपत्राची शाई पुरणांना लागून उलटी अक्षरं उमटलीत, तो तीच वाचत बसतो. नकोसा एक नातेवाईक दिसतो म्हणून तो जागा बदलून एका तरुण शिक्षिकेशेजारी जाऊन बसतो. बोलणं सुरू होतं. थोड्याच वेळात दोघांना वाटू लागतं, आपण प्रेमात पडलोय. तेवढ्यात नाकाबंदी उठते. ट्राम हलते. तो उठून आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसतो. शिक्षिकेच्या लक्षात येतं, मधल्या वेळात जे झालं ते झालंच नव्हतं असं आता धरून चालायचं आहे.

कथा इथे जवळपास संपते. जपानी सैनिक तीत कुठेच दिसत नाही. बंदूक नाही, झेंडा नाही, घोषणा नाही. शहर मात्र त्या वेळी पूर्णपणे जपानच्या ताब्यात होतं. लेखिकेचं वय होतं २३.

तिचं नाव झांग आयलिंग. इंग्रजी वाचकांना ती आयलीन चँग म्हणून माहीत आहे. शांघायचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा इतिहास वाचायचा तर करार, वसाहती, संप आणि लढाया यांच्यावरची जाडजूड पुस्तकं आहेत. पण त्या शहरात माणसं काय खात होती, कोणत्या कापडाचे कपडे शिवत होती, जिन्यावर काय बोलत होती आणि कशाकडे डोळेझाक करत होती, हे समजून घ्यायचं तर तिच्याकडे यावं लागतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बीएडला माझी दुसरी अध्यापन पद्धती इतिहास होती. पाठ टाचण काढताना फळ्यावर तीन रकाने आखायची सवय लागली होती : कारणं, घटना, परिणाम. आयलिंगचं शांघाय या तीन रकान्यांत बसत नाही, म्हणूनच तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

अफूच्या धुरातलं घर

आयलिंगचा जन्म ३० सप्टेंबर १९२० रोजी शांघायमध्ये झाला. घराणं साधंसुधं नव्हतं. चिंग साम्राज्याचे सर्वांत प्रभावी मुत्सद्दी ली होंगझांग हे तिच्या आजीचे वडील. १८९५मध्ये जपानकडून हरल्यावर शिमोनोसेकीच्या तहावर चीनतर्फे सही करणारे तेच. आजोबा झांग पेइलुन हेही दरबारातले मोठे अधिकारी. १८८४मध्ये फूचौला फ्रेंचांनी चिनी आरमार बुडवलं, तेव्हा ठपका त्यांच्यावर आला आणि त्यांची कारकीर्द संपली. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात ज्यांची नावं येतात, अशी माणसं या मुलीच्या घरातच होती. तिच्या वाट्याला आली ती त्या वैभवाची उतरण : जुनी घरं, जुने नोकर आणि दिवसभर अफू ओढत पडलेले वडील.

या अफूशी आपल्याकडचा एक धागा जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांवर चढून चीनला जायची. मुंबईतल्या अनेक व्यापारी घराण्यांची श्रीमंती त्या व्यापारातून आली. बगदादहून मुंबईत आलेलं ससून घराणं त्यांपैकीच एक. कुलाब्याचा ससून डॉक आणि पुण्याचं ससून रुग्णालय आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. याच घराण्यातल्या व्हिक्टर ससून यांनी शांघायच्या नदीकाठावर १९२९मध्ये कॅथे हॉटेल उभं केलं. आयलिंगच्या वडिलांच्या काळापर्यंत भारतातून होणारा हा व्यापार बंद झाला होता. व्यसन मात्र चीनमध्ये मुरलेलं होतं.

आई अगदी वेगळी. लहानपणीच तिचे पाय रूढीप्रमाणे बांधून आखूड केलेले. १९२४मध्ये दोन मुलांना मागे ठेवून ती नणंदेबरोबर युरोपला गेली. त्याच बांधलेल्या पावलांनी तिने आल्प्सच्या बर्फात स्कीइंग केलं. परत आल्यावर मुलीला शाळेत घातलं. नाव नोंदवताना घाईत ‘आयलीन’ या इंग्रजी नावावरून ‘आयलिंग’ असं लिहून टाकलं. त्याआधी मुलीचं नाव यिंग होतं. १९३०मध्ये आईवडिलांचा घटस्फोट झाला, पुढे सावत्र आई आली.

१९३७च्या ऑगस्टमध्ये जपानने शांघायवर हल्ला केला. तोफांच्या आवाजाने झोप लागेना म्हणून आयलिंग काही दिवस आईकडे राहायला गेली. परतल्यावर सावत्र आईशी भांडण झालं. वडिलांनी तिला बेदम मारलं आणि घरातल्याच एका खोलीत कोंडलं. ही कैद सुमारे सहा महिने चालली. त्यात तिला हगवण लागली, डॉक्टर बोलावला गेला नाही. अंगात जरा ताकद आल्यावर १९३८च्या सुरुवातीला, एका थंडीच्या रात्री, पहारेकऱ्याची नजर चुकवून ती फाटकाबाहेर पडली.

पुढचा तपशील तिनेच लिहून ठेवलाय. मोकळ्या रस्त्यावर आल्यावर रिक्षा ओढणारा भेटला, तेव्हा तिने आधी भाड्यावरून घासाघीस केली. इतक्या दिवसांच्या कैदेनंतरही आपण भाव करायला विसरलो नाही, याचा तिला आनंद झाला! शांघायच्या माणसाची ओळख सांगणारा याहून नेमका किस्सा माझ्या वाचनात नाही. त्याच वर्षी तिने या कैदेची हकिकत शांघायच्या एका इंग्रजी दैनिकात प्रसिद्ध केली. घरातली गोष्ट घरात ठेवायची असते, हा नियम तिने तेव्हाच मोडला.

हाँगकाँगचे १८ दिवस

लंडन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. पण युरोपात युद्ध पेटलं आणि १९३९मध्ये तिला हाँगकाँग विद्यापीठात जावं लागलं. हे विद्यापीठ ज्यांच्या मोठ्या देणगीवर उभं राहिलं, ते होरमसजी नवरोजी मोदी मूळचे मुंबईचे पारशी. अफूचा पैसा आणि विद्येचं दान, दोन्ही एकाच सागरी वाटेने गेले.

तिथे तिला आयुष्यभराची मैत्रीण मिळाली. तिचं नाव फातिमा मोहिदीन. फातिमाचे वडील अरब वंशाचे सिलोनी मुसलमान, शांघायमध्ये त्यांचं दागिन्यांचं दुकान होतं. आई तिआनजिनची चिनी. या लग्नासाठी तिने माहेर तोडलं होतं. आयलिंगने फातिमाला यानयिंग असं चिनी नाव दिलं आणि तिच्या गमतीदार बोलण्यावर स्वतंत्र लेखही लिहिला. चिनी साहित्यावरच्या लिखाणात फातिमाचा जिक्र बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. मला ही मैत्री महत्त्वाची वाटते. जुन्या शांघायमध्ये सिलोनी जवाहिरे होते, शीख पोलीस होते, बगदादी ज्यू होते, रशियातून पळून आलेले लोक होते. आयलिंगच्या लिखाणात ही माणसं ‘परदेशी’ म्हणून सजावटीला येत नाहीत. ती शेजारी असतात, दुकानदार असतात, वर्गमैत्रीण असतात.

८ डिसेंबर १९४१ला जपानने हाँगकाँगवर हल्ला केला. १८ दिवसांनी, नाताळच्या दिवशी, शहर शरण गेलं. या दिवसांवर आयलिंगने पुढे ‘राखेतून उरलेलं’ असं नाव देता येईल असा एक लेख लिहिला. युद्धावर मी वाचलेल्या लेखांत तो सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. गोळीबार चालू असताना फातिमा जीव धोक्यात घालून शहरात कार्टूनचा सिनेमा बघून येते. मग वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर आंघोळ करत गाणी म्हणते. भरकटलेल्या गोळीने न्हाणीघराची काच फुटते, तरी तिचं पाणी उडवणं थांबत नाही. इतिहास शिकवणारे आवडते प्राध्यापक फ्रान्स या धामधुमीत आपल्याच बाजूच्या पहारेकऱ्याच्या गोळीने मरतात. शहर पडल्यावर मुली आइस्क्रीम आणि लिपस्टिक शोधत रस्तोरस्ती हिंडतात.

त्यानंतर विद्यापीठातच तात्पुरतं इस्पितळ उघडलं जातं आणि आयलिंग तिथे परिचारिका होते. जखम सडलेला एक रुग्ण रात्रभर विव्हळत हाका मारतो. ती त्याला टाळते. तो मरतो त्या पहाटे परिचारिकांना हायसं वाटतं. त्या खोबरेल तेलात छोटे पाव भाजून खातात.

हे तिने स्वतःबद्दल लिहिलंय. कोणी विचारलं नव्हतं, कोणी साक्षीदार पुढे आला नव्हता. माफीचा सूर नाही आणि ऐटही नाही. युद्धकाळात आपण किती स्वार्थी झालो होतो याची तिने फक्त नोंद केली.

दोन वर्षांची कीर्ती

१९४२मध्ये दोघी मैत्रिणी शांघायला परतल्या. आयलिंग आत्याबरोबर एडिंग्टन हाऊस या इमारतीत राहू लागली. शिक्षण अर्धवट राहिलं, पैसे हवे होते. आधी तिने इंग्रजीत लेख लिहिले, पैकी एक चिनी पोशाखांच्या इतिहासावर होता. कोणत्या राजवटीत कॉलर किती उंच होती, बाही कधी आखूड झाली, यावरून तिने तीनशे वर्षांचा समाज उलगडून दाखवला. मे १९४३मध्ये तिची पहिली मोठी कथा एका मासिकात आली आणि मग सहा-सात महिन्यांत तिच्या श्रेष्ठ कथा ओळीने येत गेल्या.

‘पाडाव झालेल्या शहरातलं प्रेम’ या कथेत शांघायची एक घटस्फोटित स्त्री आहे. माहेरी भाऊ-भावजया तिला ओझं समजतात. एक श्रीमंत माणूस तिच्याशी खेळ करतोय, लग्नाचं नाव काढत नाही. मग हाँगकाँगवर बॉम्ब पडतात आणि त्या पडझडीत तो तिच्याशी लग्न करतो. हजारो लोक मेले, एक शहर पडलं, आणि एका बाईचा संसार उभा राहिला. या हिशेबाकडे लेखिका हसून बघते, पण तो खोटा आहे असं म्हणत नाही.

‘सोन्याचा खोडा’ ही कथा याहून काळी. तिळाच्या तेलाच्या दुकानातली छीछियाव ही मुलगी बड्या घरात अपंग मुलाला दिली जाते. पैशासाठी ती आयुष्य जाळते. पैसा हाती आल्यावर त्याच खोड्याने ती मुलाचा संसार मोडते, मुलीला अफूची सवय लावते आणि तिचं जमत आलेलं लग्नही उधळते. ज्या घरांत आयलिंग वाढली, त्या घरांचा धूर या कथेत आहे. पुढे १९६१मध्ये अमेरिकेतले समीक्षक सी. टी. शिया यांनी आधुनिक चिनी कथासाहित्याचा इतिहास लिहिताना या कथेला चिनी साहित्यात सर्वोच्च जागा दिली.

ऑगस्ट १९४४मध्ये तिचा पहिला कथासंग्रह निघाला. त्याच्या नावासाठी उर्दूतला ‘दास्तान’ हा शब्द चपखल बसेल. पहिली आवृत्ती चार दिवसांत संपली. आपण हाँगकाँगच्या गोष्टी लिहिताना सतत शांघायच्या वाचकाचा विचार करत होतो, असं ती सांगते. तिच्या मते शांघायचा माणूस म्हणजे जुना चिनी माणूसच, फक्त आधुनिक जगण्याच्या दाबाखाली घडलेला. शहराच्या आवाजाचंही तिला वेड होतं. ट्रामचा खडखडाट कानावर पडल्याशिवाय झोप येत नाही, असं तिने लिहिलंय.

आरोप आणि उत्तर

याच काळात तिच्यावर टीकाही झाली. बाल्झाक आणि रोमाँ रोलाँचे नामवंत अनुवादक फू लेई यांनी टोपणनावाने एक लेख लिहून तिच्या प्रतिभेचं कौतुक केलं आणि विषयांच्या मर्यादेवर बोट ठेवलं. देश जळतोय आणि ही बाई स्त्री-पुरुषांच्या कुरबुरी लिहितेय, असा त्या काळातल्या अनेकांचा सूर होता. तिने उत्तर दिलं. आपली माणसं वीर नाहीत, अर्धवट आहेत, तडजोडी करणारी आहेत. पण काळाचं ओझं याच बहुसंख्य माणसांच्या खांद्यावर असतं. तिच्या म्हणण्याचा हा गाभा.

हे उत्तर मला पटतं. तरी त्यावर थांबता येत नाही, कारण पुढचा आरोप गंभीर आहे. ऑगस्ट १९४४मध्ये तिने हू लानचेंगशी लग्न केलं. जपानच्या आश्रयाने चालणाऱ्या वांग जिंगवेईच्या सरकारात त्याने प्रचार खात्याचं मोठं पद सांभाळलं होतं. ‘नाकाबंदी’ वाचूनच तो तिला शोधत आला होता. या लग्नाची साक्षीदार फातिमा होती. वर्षभरात जपान हरला, हू फरार झाला आणि लपूनछपून राहतानाही नव्या बायकांच्या प्रेमात पडत राहिला. आयलिंग त्याला सिनेमाच्या पटकथांतून मिळवलेले पैसे पाठवत राहिली. १९४७मध्ये तिने पत्र लिहून संबंध तोडला.

देशद्रोही साहित्यिकांच्या यादीत तिचं नाव घेतलं जाऊ लागलं. १९४६मध्ये संग्रहाच्या नव्या आवृत्तीत तिने खुलासा केला की आपण कधी राजकीय लेखन केलं नाही, कोणाचं मानधनरूपी वेतन घेतलं नाही आणि जपान्यांच्या ‘बृहद् पूर्व आशिया’ लेखक परिषदेचं बोलावणंही पत्र पाठवून नाकारलं होतं.

तिला निर्दोष ठरवायची घाई मला नाही. तिच्या कथांत जपानी सैनिक नाही, यात सेन्सॉरचा वाटा आहे, तसा तिच्या स्वभावाचाही आहे. याच शहरात त्याच काळात माणसं तुरुंगात जात होती, छळ सोसत होती. ती माणसं तिच्या पानांवर नाहीत. हा रिकामेपणा वाचकाने लक्षात ठेवायला हवा. पण त्याच पानांवर दुसरी एक गोष्ट आहे, जी शूरांच्या चरित्रांत सापडत नाही. ताबा घेतलेल्या शहरात बहुतेक लोक काय करतात? ते बाजारात जातात, ट्राम पकडतात, मुलीच्या लग्नाचं बघतात आणि दाराबाहेरच्या आवाजाकडे कान बंद करतात. हे कान बंद करणं कसं घडतं, याचा दस्तऐवज तिने लिहिला. स्वतःला त्यातून वगळलं नाही. विव्हळणाऱ्या रुग्णाला टाळणारी परिचारिका तीच होती. इतिहासाचं वाचन करणाऱ्यांना अशी साक्ष फार क्वचित मिळते, कारण डोळेझाक करणारी माणसं सहसा नंतर आपण प्रतिकारच करत होतो असं सांगतात.

शहर सुटलं, भाषा सुटली नाही

१९४९मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले. १९५२च्या उन्हाळ्यात शिक्षण पुरं करायचं कारण सांगून आयलिंग हाँगकाँगला निघून गेली. पुन्हा तिने शांघाय पाहिलं नाही. १९५५मध्ये ती अमेरिकेला गेली. पुढच्या वर्षी अमेरिकन लेखक फर्डिनांड रायर यांच्याशी लग्न केलं. नवरा वयाने बराच मोठा, आजारी. इंग्रजीत नाव करायची तिची आशा फळली नाही. ‘सोन्याचा खोडा’ तिने इंग्रजी कादंबरी म्हणून पुन्हा लिहिली, चिनीत पुन्हा लिहिली. त्याच घराची दारं ती वेगवेगळ्या भाषांतून उघडत राहिली. चीनमध्ये तिचं नाव तीसेक वर्षं पुस्तकांतून गायब होतं. १९८०च्या दशकात ते हळूहळू परत आलं. तैवान आणि हाँगकाँगने मात्र तिला कधी विसरू दिलं नव्हतं.

तिची हेरगिरीवरची एक कथा १९४०च्या दशकातल्या शांघायवर आहे. तिच्यावर ती अनेक वर्षं हात फिरवत होती. कथेचा निर्णायक क्षण एका भारतीय जवाहिऱ्याच्या दुकानात घडतो. २००७मध्ये आंग ली यांनी या कथेवर ‘लस्ट, कॉशन’ हा सिनेमा काढला, त्यात हा जवाहिरा अनुपम खेर यांनी रंगवला. फातिमाच्या वडिलांचं दुकान आठवल्याशिवाय मला तो प्रसंग वाचता येत नाही.

भाषाशिक्षक म्हणून मला तिचं सर्वांत मोठं काम वेगळंच वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हान बांगछिंग यांनी शांघायच्या नायकिणींच्या कोठ्यांवर एक कादंबरी लिहिली होती. तिच्यातले सारे संवाद सूचौच्या बोलीत होते. शाळेत प्रमाण चिनी शिकलेल्या वाचकाला ते कळेनासे झाले आणि एवढी मोठी कादंबरी अडगळीत गेली. आयलिंगने उतारवयात अमेरिकेत बसून हे संवाद प्रमाण चिनीत आणले, तळटीपा दिल्या. इंग्रजी अनुवादही केला, तो तिच्या मृत्यूनंतर २००५मध्ये प्रसिद्ध झाला. बोलीचं प्रमाणभाषेत रूपांतर करताना लय हरवते, हे दोन भाषांत रोज ये-जा करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. तिलाही ते ठाऊक होतं. तरी तिने वर्षं घालवली, कारण शांघायच्या त्या बायकांचं बोलणं कोणाला कळलंच नाही, तर त्या जगल्या होत्या हेही पुसलं गेलं असतं.

शेवटची २०हून अधिक वर्षं ती लॉस एंजेलिसमध्ये एकटी राहिली. घरं बदलत, लोकांना टाळत. ८ सप्टेंबर १९९५ रोजी ती आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडली. ३० सप्टेंबरला, तिच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, तिची रक्षा पॅसिफिक महासागरात विसर्जित केली गेली. शांघायची एडिंग्टन हाऊस इमारत अजून उभी आहे, आता तिला चांगदे अपार्टमेंट म्हणतात. तिचे वाचक ती बघायला जातात.

मुलांना इतिहास वाचायला सांगताना मी आता एक चौथा रकाना आखते : ‘तेव्हा घरात काय चाललं होतं?’ पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर नसतं, परीक्षेत त्याला गुण नसतात. पण शहर परक्यांच्या हाती असताना पुरणं घेऊन घरी निघालेला तो हिशेबनीस आपल्याला दिसला, तर आपल्या काळात आपण कोणत्या ट्राममध्ये, कशाकडे पाठ करून बसलोय, एवढा प्रश्न तरी पडू शकतो.